जिलेबीची पैसेवारी

रामनवमीच्या सुमारास मानोरा तालुक्यातील आमच्या पोहरादेवीला माणसांची जी भरती येते, तिचे वर्णन करण्याचे धाडस महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या इसमाने करू नये. कारण आकड्यांची सवय जडलेल्या माणसाला जेथे मोजता येत नाही, तेथे बोलताही येत नाही. तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातल्या तांड्यातांड्यांतून जीप, ट्रॅक्टर आणि एस.टी. भरभरून बंजारा समाज आपल्या ह्या काशीला लोटतो, संत सेवालाल महाराजांच्या समाधीवर आणि जगदंबेच्या चरणी माथा टेकतो, गुळाच्या लापशीचा भोग चढवतो, आणि परमार्थाचा हिशेब असा चुकता झाला की मोकळ्या मनाने जिलेबीच्या मांडवाकडे वळतो. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मोगलांच्या फौजांना दख्खनभर रसद पुरविली, त्यांच्या यात्रेत खाण्याची आबाळ व्हावी हे संभवतच नाही.

हा मांडव मी वर्षानुवर्षे डोळे भरून पाहत आलो आहे. वर ताडपत्री, खाली मातीने लिंपलेली भट्टी, भट्टीवर बसक्या काठाची पसरट तई, शेजारी पाकाचे पातेले. आणि ह्या साऱ्या सरंजामामागे मांडी घालून बसलेला तो कारागीर, जो भोक पाडलेल्या जाड कापडाच्या पुरचुंडीतून घोळ सोडताना तईकडे बघतच नाही, गिऱ्हाइकाकडे बघतो, सुट्या पैशांवरून हुज्जत घालतो, हाताखालच्या पोराला शिवी हासडतो, आणि तरीही ज्याचे मनगट धन्याची परवानगी न घेता वेढ्यामागून वेढे टाकीत, अखेरीस एक आडवा फाटा मारून प्रत्येक जिलेबीवर जणू सही करून मोकळे होते.

यंदा मात्र ह्या सुरळीत व्यवहारात आमच्या कुटुंबाने हस्तक्षेप केला. पुण्याहून लेक, जावई आणि नातवंडे आली होती. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झालेले, नंगाऱ्याच्या आकाराचे ते बंजारा विरासत संग्रहालय जावईबापूंना पाहावयाचे होते आणि नातवंडांना जिलेबी खावयाची होती. ह्यांपैकी पहिली मागणी विनातक्रार मंजूर झाली. दुसरीवर मात्र, नातवंडांच्या पोटात यात्रेतले तेल जाणार नाही, धूळ जाणार नाही आणि वर्तमानपत्राची शाई तर मुळीच जाणार नाही, जिलेबी घरीच होईल, असे फर्मान अष्टमीच्या संध्याकाळी चहाबरोबर सुटले.

"अहो, त्यात आहे काय एवढं? मैदा, दही अन् साखर!"

दारापासून हाकेच्या अंतरावर जो पदार्थ तयार, ताजा आणि तोलून मिळतो, तो घरी करण्यात सार्वजनिक हित काय, अशी मी तोंडी हरकत नोंदवली. ती कारणे न देता फेटाळण्यात आली. हरकत फेटाळली गेली की निवृत्त कारकुनाला एकच मार्ग उरतो : तो जुने दप्तर काढतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे ह्या साक्षेपी विद्वानांनी १९४३ साली, म्हणजे अर्धे जग महायुद्धात होरपळत असताना, जिलेबीच्या इतिहासाचा शोध घेणारा निबंध लिहिला. अरब-इराणी मुलखांत नांदून आलेली ही मिठाई १४५० च्या सुमारास जिनसूर नावाच्या जैन ग्रंथकाराने एका व्यापाऱ्याच्या घरच्या भोजनात वाढलेली आहे, आणि सतराव्या शतकातल्या 'भोजनकुतूहल' ह्या संस्कृत ग्रंथातही तिला मानाचे पान मिळाले आहे. एवढ्या थोर वंशाच्या पदार्थावर नवशिक्या हातांनी प्रयोग करू नये, हे मला सुचवायचे होते. कुटुंबाने त्या साऱ्या पुराव्यातून 'व्यापाऱ्याच्या घरच्या' एवढाच शब्दसमूह उचलला आणि खटला तेथेच निकालात निघाला.

मैदा, चमचाभर बेसन आणि आंबट दही ह्यांचा घोळ रात्री झाकून ठेवण्यात आला. चैत्रातल्या वऱ्हाडी उकाड्यात कोणत्याही वस्तूला आंबण्यासाठी विनवावे लागत नाही. पहाटे पातेल्यावरची ताटली तिरपी झाली होती आणि खालून बुडबुडे फुटण्याचा बारीक आवाज येत होता. जावईबापू शिक्षणाने अभियंते. त्यांनी मुलांना जमवून ह्या घटनेवर व्याख्यान दिले : आंबताना वायू तयार होतो, तो तळणीत फुगतो, त्यामुळे वेढा आतून पोकळ राहतो आणि त्या पोकळीत पाक शिरतो. आंबवण नसेल तर जिलेबी बाहेरून गोड आणि आतून निव्वळ मैदा. व्याख्यान बिनचूक होते. मुलांनी एकच प्रश्न विचारला, "कधी होणार?"

खरा पेच उपकरणांचा होता. कापडाच्या पुरचुंडीला जावईबापूंनी आरोग्याच्या दृष्टीने नकार दिला आणि टोमॅटो सॉसची रिकामी बाटली धुऊन पुढे केली. एकतारी पाकाची परीक्षा कुटुंब अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या दरम्यान घेत असता ते पाकात तापमापक बुडवून उभे. तार आली असे बोटे म्हणत होती, आली नाही असे यंत्र म्हणत होते, आणि सासूशी वाद घालावा की यंत्राशी बेइमानी करावी ह्या धर्मसंकटात सापडलेल्या त्या सुशिक्षित गृहस्थाने अखेर तापमापक पुसून खिशात ठेवला. तई नव्हतीच. तिच्या जागी पुरीची खोलगट कढई चढली, आणि तीत आमच्या जिल्ह्याच्या लौकिकाला साजेल असे सोयाबीनचे तेल.

इतक्यात शेजारची याडी आली. अंगावर आरशांची कांचळी, दंडभर बांगड्या आणि चेहऱ्यावर सत्तर यात्रा पाहिल्याची शांतता असलेली ही वृद्धा ओट्याशी उभी राहिली. तिने बाटलीकडे पाहिले, कढईकडे पाहिले.

"कढईत नाही होत बाप्पा ते. तई पायजे. सपाट."

ती म्हणाली ते अक्षरशः खरे ठरले. खोलगट कढईत सोडलेला प्रत्येक वेढा उताराला लागून मध्यभागी घसरे आणि तेथे आधी पोहोचलेल्या वेढ्यांशी एकरूप होई. पहिल्या घाण्यात जो जिन्नस वर आला, त्याच्या सीमा पाहून मला नोकरीतले काही विवक्षित वाटणीचे नकाशे आठवले. दुसऱ्या घाण्याला बाटलीची चोच तुंबली. जावईबापूंनी ती दाबली, अधिक दाबली, आणि झाकणासकट सारा ऐवज एकदम तेलात उतरला. त्यानंतर याडीने, कोणाची परवानगी न विचारता, आमच्या जुन्या धोतराचा एक तुकडा मागून घेतला, त्याला भोक पाडले, भोकाच्या कडेला चार टाके घातले आणि भाकरीचा मोठा तवा मागवून त्यात बोटभर तेल ओतायला लावले.

आता जिलेब्या होऊ लागल्या. गोल म्हणवत नाही. परंतु आरंभ आणि शेवट ज्यांचा ओळखता येतो अशा. आमच्या खात्यात पिकाची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी ठरते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की मुलूख टंचाईत धरतात. ह्या पद्धतीने पाहता पहिल्या घाण्याची पैसेवारी दहा, धोतर लागू झाल्यावरची पंचावन्न; म्हणजे टंचाई जाहीर करता येईना आणि सुगीही म्हणवेना. हा अहवाल मी मोठ्याने वाचून दाखविला नाही. निवृत्तिवेतन सरकारचे असले तरी जेवण घरचेच असते.

अंतिम पैसेवारीचा अधिकार नातवंडांचा होता. त्यांनी स्टीलच्या ताटलीतली, काट्या-चमच्यासह मांडलेली जिलेबी अर्धी अर्धी खाल्ली, आणि धाकटीने निकाल दिला की ही चांगली आहे, पण ती नाही. ती म्हणजे कोणती, हे विचारण्याचे कारण नव्हते. रस्त्यापलीकडून आकाशपाळण्याचा भोंगा ऐकू येत होता. कुटुंबाने ताटल्या आवरल्या, तोंडातून शब्द काढला नाही, आणि उरलेला घोळ संपविण्यासाठी शेगडी उचलून पुढल्या ओसरीवर आणली, कारण स्वयंपाकघरात उभे राहवत नव्हते. याडी तिच्याबरोबर आली. दोघींनी पदर खोचले. ओसरी रस्त्याला लागून आहे, आणि रस्त्याने समाधीकडून परतणारी यात्रा चालली होती.

डोक्यावर गाठोडे असलेला एक गृहस्थ बायकामुलांसह थबकला. त्याने तव्याकडे पाहिले, परातीतल्या ढिगाकडे पाहिले, आणि तेलंगी वळणाच्या मराठीत विचारले, "पावकिलो कितीला?"

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. हे खाजगी निवासस्थान आहे, येथे विक्री होत नाही, इत्यादी वाक्ये माझ्याजवळ तयार होती. परंतु त्याआधी कुटुंबाने याडीकडे पाहिले, याडीने मान किंचित हलविली, आणि मांडवातल्या भावापेक्षा चढा असा एक आकडा अत्यंत निर्विकार स्वरात उच्चारला गेला.

"महाग आहे," गृहस्थ म्हणाला.

"तेल नवं आहे," कुटुंब म्हणाले, "अन् तोलून देते."

जावईबापू स्वयंपाकघरातला काटा घेऊन धावत आले. नातवंडे, ज्यांनी घटकाभरापूर्वी हीच जिलेबी नाकारली होती, तिच्याभोवती रांग लागताच आत घुसली आणि फुकट वाटा मागू लागली. कालचे वर्तमानपत्र, माझे अद्याप न वाचलेले, चौकोनी फाडण्यात आले. कोणीतरी फोनपे चालेल का म्हणून विचारले आणि जावईबापूंनी आपला भ्रमणध्वनी पुढे धरला. रोकड घ्यायला कोणीच नव्हते, म्हणून मी खुर्ची ओढून परातीशी बसलो, आणि पहिल्याच इसमाने पाचशेची नोट पुढे केल्यामुळे सुट्यांवरून त्याच्याशी हुज्जत घालू लागलो.