निन्ह बिन्ह उरकण्याची सोपी पद्धत

हनोईच्या दक्षिणेला ९५ किलोमीटरवर निन्ह बिन्ह नावाचा मुलूख आहे. भातशेतीच्या सपाटीतून चुनखडीचे डोंगर एकदम उभे राहतात, त्यांच्या पोटातून पाणी आरपार वाहतं आणि एका बाजूने गुहेत शिरलेली होडी दुसऱ्या बाजूला निघते ती एखाद्या देवळाच्या पायरीशी. इथला त्रांग आनचा परिसर युनेस्कोने २०१४ साली जागतिक वारशात घेतला, तोही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही रकान्यांत. आग्नेय आशियात हा दुहेरी मान मिळालेलं हे पहिलंच ठिकाण. अशी जागा म्हणजे नवशिक्या प्रवाशापुढचं संकटच. नियोजनात कसूर झाली तर ती दिसायला लागते, आणि एकदा दिसायला लागली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. तसं होऊ नये म्हणून पुढच्या सूचना. क्रमाने पाळा.

१. दिवस एकच ठेवा

इथे तीन-चार दिवस राहणारी माणसं असतात. ती सायकल भाड्याने घेतात, बांधाबांधाने हिंडतात, दुपारी झोपतात आणि परत आल्यावर ‘विशेष काही केलं नाही’ असं खुशाल सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. तुम्हाला आठ दिवसांत हनोई, हा लाँगची क्रूझ, दा नांगजवळचा हातांवर तोललेला सोनेरी पूल, हो ची मिन्ह सिटी, कू चीची भुयारं आणि जमलंच तर शेजारच्या कंबोडियातलं अंकोर वाट बसवायचंय. निन्ह बिन्हच्या वाट्याला मंगळवार आला आहे. बुधवारवर डोळा ठेवू नका.

‘तिथे आहे काय?’ असं कुणी विचारलं तर ‘जमिनीवरचं हा लाँग’ म्हणा. माहितीपत्रकांत हेच छापलेलं असतं. त्यावर घरातलं एखादं चौकस मूल विचारेल की हा लाँग आपण सोमवारी बघतोच आहोत, मग तेच मंगळवारी जमिनीवर कशाला? याला उत्तर नाही. पैसे भरून झालेत, एवढं सांगून विषय मिटवा.

२. महिना शाळेला ठरवू द्या

ताम कोक इथे न्गो डोंग नदीच्या दोन्ही काठांना भात लावतात. मेअखेर तो पिवळाजर्द होतो आणि जूनच्या सुरुवातीला कापणीला येतो. जगभर फिरणारे फोटो त्या दोन-तीन आठवड्यांतले. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीशी हे जवळजवळ जुळतं, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच तुम्हाला जायचं आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात, कारण शेवटच्या आठवड्यात मामेभावाच्या मुलाची मुंज आहे. तेव्हा भात हिरवा असेल, ऊन मात्र पूर्ण पिकलेलं असेल. वाईट वाटून घेऊ नका, हिरव्याचं पिवळं फोनमध्ये होतं.

दिवाळीत हवा सुखाची असते, पण भात नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत बारीक झिमझिम आणि धुकं, डोंगर निम्मेच दिसतात. फोटो तेव्हाच चित्रासारखे येतात म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरी मुलं नसतात.

३. व्हिसात काटकसर करा

भारतीयांना ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. ऑगस्ट २०२३ पासून मुदतही ९० दिवसांपर्यंत वाढवली आहे. म्हणजे तिथल्या सरकारने तुमच्यापुढे तीन महिने ठेवले आहेत आणि तुम्ही मंगळवार उचलला आहे.

अर्ज भरायला सरकारी संकेतस्थळ शोधत बसू नका. सरकारीसारखं दिसणारं जे सगळ्यांत वर येईल त्यावर बोट ठेवा. तेच काम ते जास्त पैसे घेऊन, जास्त आपुलकीने करतात. पासपोर्टवर तुमच्या नावापाठोपाठ वडिलांचं नाव असेल तर ते गाळा, उगाच लांबण कशाला? विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी त्यानिमित्ताने चार शब्द बोलणं होतं. अंकोर वाट बघून पुन्हा व्हिएतनाममध्ये शिरायचं असलं तरी एकाच प्रवेशाचा व्हिसा घ्या. वाचवलेल्या २५ डॉलरांचा आनंद कंबोडियातून परतताना पुरवून पुरवून घेता येतो.

४. लक्षाधीश व्हा

एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात. ३४-३५ हजार रुपये बदलले की तुम्ही कोट्यधीश. त्रांग आनच्या होडीचं तिकीट अडीच लाख, हांग मुआच्या डोंगराचं एक लाख, असे आकडे तिकीटखिडकीसमोर मराठीत मोठ्याने उच्चारा आणि छातीला हात लावा. गटातल्या प्रत्येकाने हे एकेकदा करायचं असतं, त्यामुळे रांगेत वेळ धरून ठेवा.

वीस हजारांची नोट निळी आहे. पाच लाखांची नोटही निळीच आहे. दोन्हींवर हो ची मिन्ह आहेत. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवा.

५. मंगळवार

हा दिवस मिनिटामिनिटाने आखायचा असल्यामुळे इथे थोडं सविस्तर सांगतो.

साडेसातला हनोईच्या जुन्या भागातून बस निघते. तुमच्या हॉटेलातून सगळ्यांत आधी उचलतील, म्हणजे बाकीची सात हॉटेलंही बघून होतात. रस्ता दोन तासांचा आहे. तो इतक्या लवकर संपू नये म्हणून मध्येच एका भल्या मोठ्या दुकानाशी बस उभी राहते. लाखेच्या ताटल्या, मोती, शंकूच्या टोप्या. युनेस्कोच्या नकाशात हे दुकान नाही, पण दिवसभरात तुम्हाला निवांतपणा मिळणार आहे तो इथेच, चांगली चाळीस मिनिटं. तो वाया घालवू नका. टोपी घ्या. ती बॅगेत बसत नाही, त्यामुळे मुंबईपर्यंत डोक्यावरच राहील.

साडेदहाला होआ लू, म्हणजे इथली जुनी राजधानी. तिथे पाऊण तास. बाराला बुफे. दीडला त्रांग आनची होडी. पावणेपाचला हांग मुआ, वर चढायला सुमारे ५०० पायऱ्या. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी बसमध्ये बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळायच्या. माथ्यावर दगडी ड्रॅगन पसरलाय. त्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत जी रांग असते ती फोटोची. खाली नदी भाताच्या शेतांमधून वळसे घेत गेलेली दिसते. पण रांगेत तिच्याकडे पाठच करायची असते, कारण ती तुमच्या मागे आली पाहिजे.

बाय दिन्ह इथलं मंदिरसंकुलही बसवायचं असेल तर होआ लू काढून टाका. हे संकुल २००३ नंतर उभारलेलं आहे आणि आकड्यांत सांगता येतं, हा त्याचा मोठा गुण. शंभर टनांची काशाची बुद्धमूर्ती, छत्तीस टनांची घंटा, ओवरीत पाचशे अर्हतांचे दगडी पुतळे. येणाराजाणारा त्यांच्या गुडघ्यांवरून हात फिरवतो, त्यामुळे गुडघे तेवढे गुळगुळीत झालेत. बसमधल्या मंडळींसाठीही एक हात फिरवून घ्या. तिथून वर डोंगरातल्या गुहेत मूळचं जुनं देऊळ आहे, बाराव्या शतकातल्या न्गुयेन मिन्ह खोंग या भिक्षूने स्थापलेलं. ते लहान आहे, काळोखं आहे आणि त्याचा टनांत हिशेब नाही. विजेची गाडी खालूनच परत फिरते, काळजी नको.

६. गुहेत कसं वागावं

त्रांग आनची होडी चार जणांची. वल्हवायला बहुतेक वेळा जवळच्याच गावातली बाई असते. गुहेत शिरताना छत डोक्याच्या बोटभर वर येतं आणि ती ‘वाका’ अशी खूण करते. तुम्ही वाका, फोन वरच राहू द्या.

पहिल्या गुहेतून उजेडात आल्याबरोबर कुणीतरी ‘आपल्या वेरूळपुढे हे काहीच नाही’ असं म्हणणं आवश्यक आहे. गटात आपणहून कुणी पुढे येत नसेल तर आदल्या रात्रीच एकाची नेमणूक करा. कैलास लेणं माणसांनी बेसॉल्टमध्ये छिन्नीने वरून खाली खोदलं आणि इथे समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीत पाण्यानेच, छिन्नीबिन्नी न घेता, भोकं पाडली, असं मध्येच सांगू नका. त्याचा विरस होतो. होडीतल्या चौथ्या माणसाला मग ‘हे कुणी कोरलं असेल हो?’ असं विचारता येत नाही.

एका गुहेत राजासाठी दारू गाळत असत, असं सांगतात. तिथे मात्र सगळे जागे होतात.

इथल्या गुहांत तीस हजार वर्षांहून जास्त काळ माणसांचा वावर राहिला आहे. त्यांनी खाऊन टाकलेल्या गोगलगायींचे शंख उत्खननात निघालेत. त्यांना तीस हजार वर्षं मिळाली, तुम्हाला पावणेतीन तास. दोघांच्या नियोजनातला फरक लक्षात घ्या: ते एकाच जागी बसून राहिले. ‘काँग: स्कल आयलंड’ या २०१७च्या चित्रपटाचं काही चित्रीकरण याच पाण्यावर झालं. पुढे काही काळ त्यातलं गाव पर्यटकांसाठी उभं करून ठेवलं होतं, ते नंतर काढून टाकलं. तरीही ‘काँग कुठंय?’ असं वल्हवणाऱ्या बाईला दर गुहेनंतर विचारत राहा. ती हसेल. तिला मराठी येत नाही आणि हसणं हा तिच्या कामाचाच भाग आहे.

तुमच्या सहलीत त्रांग आनऐवजी ताम कोक असेल तर वल्ही पायाने मारतात. बाई मागे रेलून बसते आणि तळव्यांनी वल्हं ढकलते, तासन्‌तास. याचा व्हिडिओ घ्या. चेहरा कशाला, पायच घ्या. तिथल्या होड्या पाळीने सुटतात, त्यामुळे तिची पुढची फेरी कधी लागेल ते विचारण्याचं कारण नाही. तिसऱ्या गुहेपलीकडे होडी वळते तिथे ती भरतकाम केलेले टेबलक्लॉथ काढेल. जवळचं व्हान लाम गाव भरतकामासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं आहे. तुम्ही ‘मशीनचं दिसतंय’ म्हणा आणि निम्म्या किमतीपासून सुरुवात करा. पाण्यात आहात, उठून जाता येत नाही, ही अडचण दोन्ही पक्षांना सारखीच आहे. शेवटी बक्षिशी म्हणून खिशातून निळी नोट द्या. कुठली निळी दिली ते रात्री हॉटेलवर कळेल, आणि तिच्या पदरात त्या दिवशी न्याय पडला की नाही, हेही.

७. इतिहास: आणलेला आणि तिथला

व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने, असं तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितल्याचा मेसेज मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरतो आहे. माझ्याकडे आला त्यात राष्ट्राध्यक्षांचं नाव नव्हतं. तो मेसेज होआ लूच्या दारातच गाइडला दाखवा आणि भाषांतर करून घ्या. पाऊण तासातली पंधरा मिनिटं सहज जातात.

उरलेल्या वेळात तो बिचारा आपलं काहीतरी सांगू बघेल. दहाव्या शतकात इथे बारा सरदारांनी आपापसांत देश वाटून घेतला होता. दिन्ह बो लिन्ह नावाचा माणूस लहानपणी गुराख्या पोरांबरोबर लव्हाळ्याचे झेंडे करून लुटुपुटुच्या लढाया खेळायचा, अशी कथा आहे. मोठा झाल्यावर त्याने बाराही सरदार नमवले, ९६८ साली राज्य उभं केलं आणि राजधानीसाठी नेमकी ही डोंगरांनी वेढलेली जागा निवडली: कडे हीच तटबंदी, मधल्या फटी तेवढ्या बुजवायच्या. ९७९ साली त्याचा आणि थोरल्या मुलाचा खून झाला. गादीवर उरलं सहा वर्षांचं पोर आणि उत्तरेकडून सोंग साम्राज्याची फौज निघालेली. तेव्हा राणी झुओंग व्हान न्गा हिने राजवस्त्र सेनापती ले होआनच्या खांद्यावर घातलं. ९८१ मध्ये त्याने ती फौज परतवली. राणीने पुढे त्याच्याशी लग्न केलं. १०१० मध्ये राजधानी आजच्या हनोईला गेली आणि होआ लू मागे राहिलं.

बारा सरदार, डोंगराळ राजधानी, लहानगा राजा, उत्तरेची बादशाही फौज. हे मराठी माणसाला अर्ध्यात सोडून उठता येणं अवघड आहे, हाच इथला धोका. अशा वेळी टूर मॅनेजरने शिट्टी फुंकावी. ‘बुफे बंद होईल’ एवढं पुरतं.

८. जेवण

बोकडाचं मटण आणि ‘कोम चाय’ हे इथलं वैशिष्ट्य. कोम चाय म्हणजे भांड्याच्या बुडाशी लागलेली भाताची खरवड, वाळवून तळलेली, कुरकुरीत, वर रस्सा ओतून खायची. शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’ म्हणावं. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, त्यामुळे हा प्रकार तिथे सगळ्यांना कळतो आणि चांगला रांधताही येतो. म्हणूनच तुम्ही ते न म्हणता सोबतचे ठेपले काढा, लोणच्याची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवा आणि माशाच्या सॉसचा वास येतोय अशी तक्रार करत राहा.

खरवड मात्र निघताना विकत घ्या. दुकानाबाहेर पाकिटं रचलेली असतात, चार-पाच उचला. घरी हीच गोष्ट आपण गेली कित्येक वर्षं तारेच्या घासणीने खरवडून सिंकमध्ये टाकत आलोय, हा विचार विमानात करू नका. परतल्यावर सोसायटीत वाटा. शेजारच्या काकू एक तुकडा चघळून ‘ही आपली खरवडच ना गं?’ असं म्हणतीलच. त्यांना किंमत सांगा, पण डोंगमध्ये.