हाक कशी मारावी: भिलाईस जाणाऱ्यांसाठी

पुण्याच्या आयटी कंपनीत साहेबाला बिनदिक्कत 'अमित' म्हणणारा मराठी तरुण सासुरवाडीच्या लग्नकार्याला भिलाईला निघाला, की त्याने ही सवय दुर्ग स्टेशनवरच उतरवून ठेवावी. सिविक सेंटरच्या बाजारात ती उपयोगाची नाही.

सुरुवात हुद्द्यापासून करावी. भिलाई ही पोलाद कारखान्याची वसाहत. इथे माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. भाजीच्या पिशव्या सांभाळत निघालेले गृहस्थ 'जीएम साहब' असू शकतात. नक्की माहीत नसल्यास एक पायरी वरची द्यावी. डीजीएमला जीएम म्हटल्याने कोणी रागावल्याचे ऐकिवात नाही. उलटा प्रयोग करू नये.

गुपचुपच्या ठेल्यावर (पाणीपुरी म्हटले तरी कळते, पण पाहुणेपण उघडे पडते) 'भैया' म्हणावे. मात्र मुंबईत हा शब्द उच्चारताना आवाजाला जो तुच्छतेचा सूर लागतो, तो घरीच ठेवावा. 'भैया, थोड़ा तीखा' हे भावाला सांगावे तसे सांगितले, तर शेवटची सुकी पुरी मागावी लागत नाही.

माधवराव, वसंतराव अशा नावांच्या मंडळींनी स्वतःची ओळख जपून करून द्यावी. इथे राव हे बहुधा आंध्रकडचे आडनाव. 'मी माधवराव' म्हणताच ते 'राव साहब' होतात आणि पुढचे वाक्य तेलुगूत येण्याची शक्यता असते.

खरा धडा मात्र रशियनांनी घालून दिला होता. 1955 च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ इथे आले आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बांधकामावरचे सोव्हिएत मुख्य अभियंता होते दिमशिट्स. रशियन रिवाजाने त्यांना आदराने हाक मारायची तर साहेब नाही, आडनावही नाही: वेनियामिन एम्मानुइलोविच. स्वतःचे नाव, मग वडिलांचे. मराठी माणूसही वडिलांचे नाव मधे लावतो, पण ते फक्त रेशनकार्डावर. कोणी तोंडाने उच्चारले तर भांडणाची नांदी समजतो.

उपाध्यांच्या बाबतीत कायद्याचा फारसा बाऊ करू नये. घटनेच्या कलम 18 ने किताब बंद केले, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्म सन्मान नावाला जोडू नयेत असे बजावले, 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी 'महामहिम' बाजूला ठेवले. जनता आपल्या उपाध्या स्वतःच वाटते. स्वस्त तांदूळ देणारे छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री रमण सिंह 'चाउर वाले बाबा' झाले, त्यांच्यानंतरचे भूपेश बघेल अख्ख्या राज्याचे 'कका'. सख्ख्या काकाशी मराठी राजकारणात काय होते हे आठवून, पाहुण्याने इथे चेहरा गंभीर ठेवावा.

जवळीक वाढली की आता तरी नावाने हाक मारावी, असा मोह होईल. तो आवरावा. छत्तीसगढी रिवाजात मैत्री पक्की होते ती 'मितान', म्हणजे मानलेले जिवलग मित्र, होऊन: महाप्रसाद, गंगाजल किंवा भोजलीचे अंकुर एकमेकांना देऊन. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचे नाव घ्यायचे नसते. ज्याने भोजली दिली तो आयुष्यभर 'भोजली', आणि रस्त्यात भेटल्यावर म्हणायचे 'सीताराम भोजली'. हे नाते पुढच्या पिढ्याही पाळतात.

अशा मित्राचा नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावाने साठवावा, याचे मार्गदर्शन सध्या उपलब्ध नाही. दोन भोजली असणाऱ्यांनी पुढे ज्याच्या-त्याच्या वसाहतीतल्या सेक्टरचा नंबर टाकावा.