आवाज कमी करा

निवडणुकीच्या दिवसांत मी रात्री दहाची वाट पाहत असतो. दहाला भोंगे बंद करायचे, हा नियम मला कळला आहे आणि पटलाही आहे. निवडणुकीतल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल मला दोन्ही सांगता येणार नाही. २०२४च्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी प्रचाराच्या दोन रिक्षा समोरासमोर येत. दोन्हींवर एकाच कोळीगीताची चाल. एकीतला उमेदवार दर्याचा राजा, दुसरीतलाही दर्याचाच राजा. आमच्याकडे, म्हणजे पुण्यात, दर्या फक्त पावसाळ्यात आणि तोही फक्त चौकात असतो. दोघांपैकी माघार कोणीच घेत नसे. रिक्षाचीही नाही आणि उमेदवारीचीही नाही.

मतदान बुधवारी, २० तारखेला होतं. त्याआधीच्या शनिवारी, दहाला पाच कमी असताना, म्हणजे शांतता अगदी जिन्यापर्यंत आलेली असताना, भाचा म्हणाला, "मामा, चला. जरा वेगळं काही ऐकवतो."

वेगळं एका तळघरात होतं. तिकीट सहाशे रुपये. माझी पाण्याची बाटली दारात काढून घेतली आणि आत तशीच बाटली मला एकशेवीसला विकली. मनगटावर जांभळा शिक्का मारला. बसायला असं स्टूल मिळालं की पाय जमिनीला टेकत नव्हते आणि पाठ कशालाच. मंचावर, म्हणजे जमिनीवरच, एक मुलगा मांडी घालून बसला होता आणि त्याच्यापुढे वायरींचा चुलीएवढा ढीग. वाद्य दिसेना. भाच्याने सांगितलं, तो मिक्सरच वाद्य आहे. त्याची बाहेर जाणारी वायर काढून त्याच्याच आत खोचायची. बाहेरून काहीही आत जात नाही. यंत्र स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकवतं आणि तो वाढत जातो. याला 'नो-इनपुट' म्हणतात. मला पद्धत ओळखीची वाटली. रात्री नऊच्या चर्चेत पाच प्रवक्ते वर्षानुवर्षं हेच करतात, फक्त टाय लावून.

आवाजाचं वर्णन करायचं तर, सभेच्या आधी माइक किंचाळतो तो. तो बंद व्हावा म्हणून मंडपवाला इकडून तिकडे धावतो, "हॅलो, हॅलो, वन टू" करतो. इथे तो सुरू राहावा म्हणून मुलगा झटत होता. चाळीस मिनिटं.

माझ्या चेहऱ्यावरून भाच्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याने तिथेच इतिहास काढला. हे परकं नाही म्हणे. १९४६ साली गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या, त्यांनी जॉन केजला आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून त्याचं शिकल्या. पुढे १९६९ साली डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर आणून बसवला. "मूग, मामा! अहमदाबादेत!" मी तो गिळून गप्प बसलो.

उजवीकडचा दाढीवाला मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्याची राजकीय मतं होती आणि ती सांगायला त्याला माझाच कान सापडला. त्याचं म्हणणं, पक्ष फुटणं आणि बँड फुटणं एकच. नाव एकाकडे जातं, चांगला गिटारवाला दुसऱ्याकडे, आणि जुनी गाणी दोघंही वाजवतात. "दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी. ओरिजिनल कोण ते वकील ठरवणार. श्रोत्यांनी फक्त तिकीट काढायचं." मग तो तुतारीवर आला. लोकसभेला एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांना दिलेल्या ट्रम्पेटचंही मराठी नाव तुतारीच. साताऱ्यात त्या ट्रम्पेटला ३७ हजारांवर मतं पडली. विधानसभेला आयोगाने ट्रम्पेटला ट्रम्पेटच म्हणायचं ठरवलं. "वाद्यं ओळखण्याचा वर्ग आख्ख्या राज्यासाठी घेतला हो," तो म्हणाला. हे मला पटलं. पण तो ते कानात ओरडून सांगत होता आणि मध्ये चिवडा खात होता. त्यातले दोन शेंगदाणे माझ्याकडे आले.

एवढ्यात आवाज थांबला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

सगळ्या तळघराने वळून पाहिलं. भाचा कुजबुजला, "मामा, पॉज आहे. तो रचनेचाच भाग असतो." केजची १९५२ची एक रचना तर चार मिनिटं तेहतीस सेकंद नुसती शांतता आहे म्हणे. आमच्याकडे निवडणूक कायद्याच्या कलम १२६ खाली ४८ तासांची आहे, सोमवारी संध्याकाळी सहाला सुरू होणार होती. केज मला किरकोळ वाटला.

दुसरी रचना 'फील्ड रेकॉर्डिंग' होती. आधी घरघर झाली, मग घरघरीतून एक चाल वर आली. कोळीगीत. त्यावर दुसरं कोळीगीत, अर्ध्या मात्रेने मागे. दर्याचे दोन राजे, अर्ध्या वेगाने, गाईसारखे हंबरत. भाचा माझ्याकडे बघायचं टाळू लागला. आणि मग सगळ्याच्या वर, चिरकलेला, एका म्हाताऱ्याचा आवाज: "अरे, आवाज कमी करा!" तो त्यांनी सात वेळा फिरवला. तिसऱ्यापर्यंत मला शंका होती. चौथ्याला मागे आमच्या दुधाच्या पिशवीची घंटी ऐकू आली.

तळघर खूष झालं. एका मुलीने डोळे मिटले. दाढीवाला म्हणाला, "व्हॉइस काय निवडलाय!" पत्रकावर माझं नाव नव्हतं. माझ्याच गच्चीतून मी फुकट ओरडलेलं मला सहाशे रुपये देऊन ऐकावं लागलं, आणि या खेपेलाही आवाज कोणी कमी केला नाही.

शिक्का जाईना. लिंबू झालं, खोबरेल झालं, भांड्यांचा साबण झाला. १९६२पासून मतदारांच्या बोटांना म्हैसूरच्या कारखान्याची शाई लागते. त्या कारखान्याने या तळघराकडून कृती मागून घ्यावी. बुधवारी शाळेच्या वर्गात अधिकारी बाईंनी माझा डावा हात धरला आणि तिथेच थांबल्या.

"हा कसला शिक्का?"

"संगीताचा."

त्यांनी बोटाला शाई लावली, पण माझ्याकडे बघत. खोक्याआड जाऊन मी बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पडली. मग यंत्राने तो सूर लावला. एकच, लांब, कुठेही न हलणारा. संपला.

मी जागचा हललो नाही. एकदा फजिती झाली होती. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"काका," खोक्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "झालं ते. पुढच्यांना येऊ द्या."