किंकाळी, तळटिपेसह

बीटल्सच्या लिव्हरपूलमध्ये लिव्हरपूल होप विद्यापीठाने २००९ मध्ये त्यांच्यावर एम. ए. सुरू केले, २०२१ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठानेही केले. अत्यंत स्वागतार्ह! तोवर लोक हे संगीत नुसतेच ऐकत असत, काहीजण तर चक्क नाचत. या बेशिस्तीला कोणीतरी आळा घालायलाच हवा होता.

आमची एक नम्र सूचना. परीक्षेत ज्याचा पाय तालावर हलेल त्याचे पाच गुण कापावेत. गुणगुणताना सापडणाऱ्यावर कॉपीचे कलम लावावे. साठच्या दशकातल्या बीटल्सवेड्या मुलींसारखी किंकाळी फोडायचीच असेल, तर ती तळटीप देऊन फोडावी. गाणे आवडले, असे प्रबंधात लिहिणाऱ्याची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी. विषयापासून इतकी जवळीक संशोधकाला शोभत नाही.

प्रवेशाच्या अटी मात्र खुद्द बीटल्ससाठीही शिथिल करू नयेत. लेनन: कला महाविद्यालय पदवीविना सोडलेले. हॅरिसन: शाळा सोडून विजेच्या कामाची उमेदवारी. रिंगो: आजारपणात शाळाच बुडालेली. मॅकार्टनी: स्वरलिपी वाचता येत नाही.

चौघेही अपात्र. अभ्यासक्रमात घेतले आहे तेवढे पुरे, वर्गात नको.