राजधानीचा विद्यार्थीकृत नकाशा

नवी दिल्लीच्या उभारणीचे श्रेय 1911 च्या दरबारातील घोषणेला आणि लुटियन्स व बेकर या वास्तुविशारदांना देण्याची इतिहासकारांची प्रथा असली, तरी दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात, म्हणजेच ‘नॉर्थ कॅम्पस’मध्ये, वावरणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखी हे शहर मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने वसवले आहे. काश्मिरी गेटपाशी सप्टेंबर 1857 मध्ये इंग्रज तटबंदी फोडून आत घुसले, हे त्याने परीक्षेपुरते पाठ केलेले असते. पण त्याच ठिकाणी तीन मार्गिकांची गर्दी अंगावर घेत रोज सकाळी डब्यात घुसणाऱ्याला त्या पराक्रमाचे फारसे कौतुक उरत नाही.

या राजधानीतील सार्वभौम सत्ता संसदेकडे नसून ‘पीजी’च्या मालकाकडे, अर्थात ‘अंकल’कडे असते. पीजी म्हणजे खाट, कपाट आणि दोन वेळच्या राजम्यासह भाड्याने मिळणारी खोली. दरमहा 200 युनिटपर्यंतची घरगुती वीज दिल्ली सरकारने 2019 मध्ये मोफत केली खरी. परंतु अंकलने दाराबाहेर ठोकलेला सबमीटर वेगळ्याच राज्यघटनेनुसार चालतो, आणि जूनमध्ये कूलर सुरू होताच अंकलची पावले जिन्यात वाजू लागतात. लातूर-नांदेडकडून आलेला विद्यार्थी अशा वेळी कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनाकडे वळतो; राज्याच्या अस्मितेपेक्षा तेथील साध्या वरणभाताची ओढ अधिक असते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

कुलगुरूंचे कार्यालय ज्या जुन्या व्हाइसरॉय निवासात आहे, तेथेच 1922 मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनावर्षीच, माउंटबॅटन यांनी एडविनाला लग्नाची मागणी घातली. त्यांना तिथल्या तिथे होकार मिळाला, ही गोष्ट गुणपत्रिकेतील नावाची एक वेलांटी दुरुस्त करून घेण्यासाठी कोणत्याही विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला दंतकथाच वाटेल.

गावाकडून आईवडील आले, की या नकाशाची खरी परीक्षा होते. सरोजिनीनगरचा बाजार सोमवारी बंद असतो, मजनू का टीला येथील तिबेटी वस्तीत मोमो कोणत्या गल्लीत चांगले मिळतात, सदऱ्याचा भाव निम्म्यावर आणण्यासाठी दुकानापासून नेमके किती पावले दूर जायचे, हे सारे चिरंजीव अधिकारवाणीने सांगतात. आणि वडिलांनी संसद भवन कोणत्या दिशेला, असे विचारताच शेजारच्या रिक्षावाल्याला ‘भैया’ अशी हाक मारतात.