लेखकाला काय म्हणायचं आहे?

आमच्या शेजारच्या वकीलकाकांची हयात दिवाणी दाव्यांत गेली. त्यामुळे भाचीनं 'क्लॅट'चा सराव पेपर त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काकांनी उतारा वाचला, चष्मा पुसला आणि ठामपणे 'ब' सांगितलं. उत्तर 'ड' होतं.

"हे कायद्यात बसत नाही!" काका कडाडले.

"काका, उताऱ्यात बसतं."

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही प्रवेश परीक्षा 2020 पासून उताऱ्यांवरच बेतलेली आहे. 120 मिनिटांत 120 प्रश्न आणि उत्तर चुकलं की पाव गुण वजा. कायद्याच्या विभागात उतारा जो नियम सांगेल तोच त्या दहा मिनिटांपुरता देशाचा कायदा. शेजाऱ्याच्या अंगणातला आंबा उचलणं ही चोरी नव्हे, असं उतारा म्हणत असेल तर नव्हे! काका मात्र दंडविधानातून बाहेर यायला तयार नव्हते.

आमच्या वेळी 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' हे केवढं सुखाचं काम होतं! प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. आता नेमका तिथेच सापळा. एका पर्यायात शब्द लेखकाचेच असतात, मुद्दा भलताच. दुसरा पर्याय खरा असतो, उदात्त असतो, फक्त उताऱ्यात कुठे नसतो. तिसऱ्यात 'केवळ', 'नेहमी', 'कदापि' असतं. तो आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा बोलतो. उरतो चौथा, मिळमिळीत: 'काही प्रसंगी असे घडू शकते'. बहुधा तोच बरोबर. पेपर काढणाऱ्यालाही उद्या उत्तराचं समर्थन करायचं असतं ना! त्यात 'पुढीलपैकी कोणते विधान लेखकाला मान्य होणार नाही?' असा प्रश्न आला, की त्या शेवटच्या 'नाही'वरून भलीभली मुलं घसरतात. लेखकाला काय मान्य आहे ते शोधून, आनंदानं गोल काळा करून मोकळी होतात.

आणि समर्थन करायची वेळ खरोखर आली. 1 डिसेंबर 2024 च्या परीक्षेच्या उत्तरसूचीवरून मुलं न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 7 मे 2025 रोजी न्यायमूर्तींनी बारावीच्या मुलांचे प्रश्न तपासून निकाल दिला. त्या खंडपीठात अमरावतीचे भूषण गवई होते. ते आठवड्याभरात सरन्यायाधीश झाले. प्रश्न किती बेफिकिरीनं काढले जातात यावर न्यायालयानं नाराजी नोंदवली. म्हणजे लेखकाला काय म्हणायचं आहे, हे आपल्या देशात शेवटी सर्वोच्च न्यायालय ठरवतं. कवितेच्या पेपरावर असं अपील असतं, तर आमच्या अख्ख्या वर्गानं केलं असतं.

त्या वर्षी एका प्रश्नावर हरकत नोंदवायला हजार रुपये पडत होते. तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांनो, प्रश्नात 'नाही' दिसला की त्याच्याभोवती आधी पेनानं गोल करा. ते फुकट आहे.