पोटात बाळ असेल तरच रक्त तपासायचं?

सकाळच्या विरार-चर्चगेट जलद गाडीला नालासोपाऱ्यात महिलांच्या डब्यात जी चढते, ती बहुधा पहाटे चारला उठलेली असते. पाणी भरलं, डबे भरले, पोरांचं आवरलं, स्वतः उभ्या उभ्या चहा-खारी खाल्ली. स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठड्याला धरून थांबली. धाप का लागते, विचारा. उत्तरं ठरलेली आहेत. दगदग आहे. वय झालं. बायकांना होतंच.

तिशीतल्या बाईचं वय झालेलं नसतं. तिचं रक्त कमी असण्याची शक्यता मात्र निम्म्याहून जास्त असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. त्याआधीच्या सर्वेक्षणात, 2015-16 साली, हाच आकडा 48 होता. म्हणजे मधल्या वर्षांत पूल झाले, मेट्रो आल्या आणि बायकांचं रक्त आणखी घटलं. याच राज्यातल्या पुरुषांचा 2019-21 चा आकडा 21.9 होता.

त्याच पाहणीतले आणखी दोन आकडे मला सगळ्यात जास्त टोचतात. गरोदर बायकांत अॅनिमिया 45.7 टक्के, गरोदर नसलेल्यांत 54.5. गरोदरपणी हिमोग्लोबिनची मर्यादा 11 धरतात आणि एरवी 12, त्यामुळे तुलना जपून करायला हवी. तरीही निम्म्याहून अधिक बायका उणे रक्तावर संसार ओढतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही, हे त्यातून दिसतंच. बाईच्या रक्ताची चौकशी आपल्याकडे तिच्या पोटात बाळ असेल तेव्हा होते. नाव नोंदवलं की एचबी, मग लाल गोळ्या, मग पुन्हा एचबी. बाळंतपण उरकलं की चौकशीही उरकली.

हे जुनं आहे. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली, ती गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणारा अॅनिमिया शोधायलाच. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आजच्या लाल गोळीत लोहाबरोबर तेच असतं. जगभरच्या बायकांच्या उपयोगी पडलेलं हे काम मुंबईच्या कष्टकरी बायकांच्या रक्तावर झालं, याचा मला अभिमान वाटतो. पण 1970 चा आपला पहिला सरकारी कार्यक्रमही गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुलं यांच्याभोवतीच फिरला. 2018 च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ने प्रजननक्षम वयाच्या इतर बायकांनाही आठवड्याला एक गोळी लिहून ठेवली आहे. ती गोळी घेऊन आशाताई सकाळी अकराला दार वाजवतात, तेव्हा ही बाई अंधेरीच्या कचेरीत किंवा वालीव-सातिवलीच्या गाळ्यात कामाला उभी असते. राज्य सरकारची 2022 ची मोहीम आठवा: ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी केली, उत्तम केलं. पण बाई सुरक्षित असावी यासाठी घराचं कारण पुढे का करावं लागतं?

रक्त जातं कुठे, हे तर कुणी विचारतच नाही. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त गेलं तर तो अतिरक्तस्राव. म्हणजे महिन्याला 40 मिलिग्रॅम लोह नुसतं पाळीत, आणि अन्नातून शरीर दिवसाला शोषतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह सांगितलं आणि बाईला 29, ते यामुळेच. आता लोकलच्या डब्यात बघा. गाडीत शौचालय नाही, प्रवास दीड तासाचा, म्हणून एकावर एक दोन पॅड लावून ती निघते. दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर जात असेल, तर तो आजार आहे. त्याला औषधं आहेत, संप्रेरकाची तांबी आहे. पिशवी काढून टाकणं हा पहिला उपाय नव्हे. बाई मात्र "अंगावरून जरा जास्त जातं" एवढंच, तेही शेजारणीला, हळू आवाजात सांगते.

मग सल्ले येतात. बीट खा, खजूर खा, गूळ खा. जरूर खा. पण बीटाचा रस पिऊन 8 चं 12 होत नाही. वसईच्या वाड्यांतला माठ-पालक चांगलाच, फक्त भाजीतलं लोह अंगी थोडं लागतं. वर लिंबू पिळलं तर जास्त लागतं, जेवणाला लागून चहा प्यायला तर आणखी कमी. मासळी-मटणातलं लोह सहज लागतं, पण सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात रस्साच उरतो. कच्चे तांदूळ, पाटीची पेन्सिल, माती, बर्फ खावासा वाटणाऱ्या मुलीला घरचे रागावतात. तिला ओरडू नका, तिचं रक्त तपासा.

गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं, पोट बांधतं. हे आधी सांगितलं नाही तर पाकीट फ्रिजवर पडून राहतं. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतलेलीही चांगली लागू पडते. डॉक्टरांना विचारून तसं करा. हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. आणि महिनाभर नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल तर गोळ्या वाढवत बसू नका. कारण थॅलेसेमिया मायनर असू शकतं. जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल असू शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी आहे.

हे सगळं तपासायचं कुठे? वसई-विरार महापालिकेचं तुळिंजचं रुग्णालय आहे, वसईचं सर डी. एम. पेटिट आहे. पण बाई कामावर असते त्याच वेळी ओपीडी उघडी असेल, तर ती तिच्यासाठी नाही. विरार, नालासोपारा, वसई रोड स्टेशनांच्या बाहेर संध्याकाळी सात ते दहा एक टेबल मांडा: हिमोग्लोबिन, पाळीचे चार प्रश्न, गोळ्या आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी. रविवारीही मांडा. तेही दुपारी तीननंतर, कारण रविवारी सकाळी ती आठवड्याचे कपडे धूत असते.